एका बॅटरीवर दोन मीटर

आमच्या ह्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे. दिवसा माणूस ठणठणीत. दोन जिने चढतील, बाजारातून भाजीच्या दोन पिशव्या आणतील, वर माझ्याशी वाद घालायलाही दम शिल्लक असतो. पण झोप लागली की घोरता घोरता मध्येच सगळं गप्प. घोरणं मी सहन केलं, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कोण नाही करत! तो गप्पपणा मात्र सहन व्हायचा नाही. मी जन्मभर नर्सची नोकरी केली. अंधारात शेजारच्या माणसाचा श्वास मोजायची सवय माझ्या कानांना आहे, आणि ती निवृत्त झाल्यावर सुटत नाही.

डॉक्टरांनी एक मशीन दिलं. नाकावर मास्क लावायचा, त्यातून मशीन हलका दाब देऊन हवा आत ढकलत राहतं, मग श्वास अडकत नाही. आम्ही त्याला घरात नुसतं हवेचं मशीन म्हणतो. पहिल्या आठवड्यातच ह्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. पण मशीनला वीज लागते, रात्रभर लागते. घरी इन्व्हर्टर आहे. बाहेर काय?

झालं! हे बाहेर झोपायचे बंद झाले. लग्नाला जायचं तर रात्री परत. भावाकडे जायचं तर रात्री परत. लोकांच्या घरात तोंडाला सोंड लावून झोपायची लाज, आणि लाईट गेली तर काय ही धास्ती. हा माणूस जनावरांचा डॉक्टर होता. सुरगाण्याकडच्या डोंगराळ पाड्यांवर ह्यांची अर्धी नोकरी गेली. गाय अडली म्हणून बोलावणं आलं की रात्र गोठ्यातच, गवताच्या भाऱ्यावर घोंगडी टाकून. तोच माणूस आता संध्याकाळ झाली की प्लग कुठे आहे ते बघायचा. तिकडच्या एका पाड्यावर ह्यांचे एक जुने शेतकरी मित्र आहेत. दर वर्षी दसऱ्यानंतर नवा भात घरात आला की त्यांच्याकडे जेवायचं आणि रात्री त्यांच्या अंगणात झोपायचं, हा ह्यांचा नेम. तो दोन वर्षं मोडला होता. मित्राचा फोन आला की हे म्हणायचे, "बघू, जमलं तर." आणि फोन ठेवून बराच वेळ खिडकीत उभे राहायचे. मला ते बघवत नव्हतं.

अशात एक दिवस ह्यांनी जाहीर केलं, "मी गाडी घेतोय. शाळेची पोरं नेणारी जुनी व्हॅन आहे. तिच्यात पलंग बसवायचा, बॅटरी बसवायची, मशीन त्यावर चालवायचं. प्लग आपल्याबरोबर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्या वयात घर सोडून गाडीत झोपायचं? मी म्हटलं, "भटक्यांसारखं?" हे म्हणाले, "हो." कपाळ माझं!

पण गाडी आली, आणि खरं सांगू का, ह्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. सातपूरला एका सुताराकडून आत पलंग करून घेतला, पलंगाखाली लिथियमची बॅटरी, टपावर सोलरचा पत्रा, कोपऱ्यात छोटा फ्रीज. चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज व्हायची जोडणी राहून गेली होती, ती पुढच्या खेपेला करू म्हणाले. घरी असताना पार्किंगमधल्या प्लगवरून चार्जर लावायचा, बाहेर असताना ऊन. रोज सकाळी चहा झाला की हे खाली पार्किंगमध्ये. मी वरून गॅलरीतून ओरडायची, "नाश्त्याला येताय की तिथेच पाठवू?"

आता राहिला एकच प्रश्न. बॅटरीत किती वीज उरलीय हे कळणार कसं? रात्री दोनला मशीन बंद पडलं तर ती काही चेष्टा नाही. त्यासाठी मीटर हवा, आणि तो कोणता घ्यायचा ह्यावरून आमच्यात जे महाभारत झालं ते मेनरोडमागच्या गल्लीतल्या त्या दुकानदाराला अजून आठवत असेल.

दुकानदाराने काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक काडेपेटीएवढा व्होल्टमीटर. दोन वायरी, एक बटण. बटण दाबलं की लाल आकडा, की बॅटरीवर आत्ता किती व्होल्ट आहेत. दुसरा होता बॅटरी मॉनिटर. गोल काचेचा पडदा, आणि त्याच्यासोबत पितळेचा एक जाड ठोकळा. तो ठोकळा बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर बसवायचा. बॅटरीतून बाहेर जाणारी आणि आत येणारी सगळी वीज त्याच्यातून जाते, तो ती मोजतो, आणि पडद्यावर टक्के येतात. शंभर म्हणजे भरलेली, शून्य म्हणजे रिकामी. शिवाय टक्के खाली गेले की वाजणारा भोंगा.

"हा," हे लगेच गोल पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

"कशाला?" मी म्हटलं. "हा छोटा काय वाईट आहे? दोन वायरी, एक बटण. बिघडायला काही नाहीच ह्यात."

"अगं, लिथियम आहे. तिचे व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत तेवढेच दिसतात. भरलेली असो की अर्धी, आकड्यात जरासाच फरक. शेवटी एकदम खाली येते. चेहऱ्यावर काही दाखवत नाही."

"म्हणजे तुमच्यासारखी."

दुकानदार हसला. त्याला वाटलं सौदा होतोय. म्हणाला, "काकू, ह्याच्यात ब्लूटूथपण आहे. घरात बसून मोबाईलवर बॅटरी दिसेल."

"मला बॅटरीशी गप्पा नाही मारायच्या," मी म्हटलं. "मला एवढंच सांगा, हा गोल मीटर बॅटरीच्या आत बघतो का?"

तो जरा गोंधळला. "आत म्हणजे... गेलं किती, आलं किती, ते मोजतो. त्यावरून टक्के काढतो."

"म्हणजे सुरुवात चुकली तर पुढचं सगळं चुकलं."

"चुकत नाही हो काकू, कंपनीचा माल आहे."

आता हा दुकानदार मला शिकवणार! वॉर्डात पेशंटच्या उशाशी आम्ही एक तक्ता ठेवायचो. पाणी किती प्यायला, लघवी किती झाली, सलाईन किती गेलं. फार उपयोगाचा तक्ता. पण कुणी एक नोंद विसरलं की तक्ता म्हणतो पेशंट छान, आणि पेशंटचे ओठ सुकलेले. तक्ता बघायचाच, पण हात धरून नाडीही बघायची. हा गोल मीटर म्हणजे तक्ता होता आणि तो काडेपेटीएवढा म्हणजे नाडी. हे मी तिथे भर दुकानात ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "प्रत्येक गोष्टीत तुझा वॉर्ड आणू नकोस."

"आणि तुम्ही प्रत्येक गोष्टीत खेळणी आणू नका. भोंगा म्हणे! लहान पोर आहात का?"

त्यावर हे काही बोलले नाहीत. मी समजले, गप्प केलं. पण हटले मात्र नाहीत. गोल मीटर हातात घेऊन तसेच उभे राहिले. हट्टी माणूस! शेवटी मी माझ्या पर्समधून पैसे काढून तो छोटा मीटर वेगळा विकत घेतला. दुकानदाराला काय, आनंदच झाला.

असे आमच्या गाडीत एका बॅटरीवर दोन मीटर बसले. ह्यांचा गोल पडदा दाराजवळ, आल्यागेल्याला दिसेल असा. माझा काडेपेटीएवढा पलंगाच्या वर, माझ्या बाजूला. इलेक्ट्रिशियन विचारायला लागला, "दोन-दोन कशाला?" मी म्हटलं, "नवराबायकोचं पटत नाही म्हणून."

मग आम्ही तालीम केली. कुठे केली असेल? आमच्याच सोसायटीच्या छताखालच्या पार्किंगमध्ये, चार्जर काढून! रात्री जेवून, मशीन काखेत मारून, दोघं खाली जाऊन गाडीत झोपायचो. पहिल्याच सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते, आम्हाला गाडीतून उतरताना बघून थबकले. हळूच ह्यांना म्हणाले, "काही घरात झालंय का? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे." मला हसू आवरेना. पण त्या तालमीत मी एक काम केलं. ह्यांचे टक्के आणि माझे व्होल्ट रोज संध्याकाळी शेजारी शेजारी बघत गेले. ह्यांचा नव्वद म्हणत असला की माझा तेरा पूर्णांक तीन. ह्यांचा साठ-सत्तरवर आला की माझा तेरा दोन. निम्म्याच्याही खाली गेला, की तेरा एक, मग तेरा. फरक जरासाच होता, ह्यांचं खोटं नव्हतं. पण जरासा फरक ओळखायलाच तर मी पगार घेतला जन्मभर.

दसरा आला. दसऱ्याला हत्यारांची पूजा. माझ्या सासऱ्यांच्या घरी शेती होती, तिथला रिवाज असा की त्या दिवशी नांगर, कोयता, विळा, सगळ्याला हळदकुंकू लावायचं आणि दिवसभर कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांनाही सुट्टी. ह्यांनी नोकरीत असताना आपल्या सुया-चिमट्यांची पूजा कधी चुकवली नाही. ह्या वर्षी मान गाडीचा होता. सकाळपासून धुणं, पुसणं, झेंडूचा हार. पलंगाखालची फळी उचलून बॅटरीसुद्धा सगळ्या बाजूंनी पुसली. नट सैल करून दोन्ही वायरी सोडवल्या, टर्मिनल घासून चकचकीत केले, हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याचं पान ठेवलं. मी म्हटलं, "वायरी कशाला सोडल्या?" हे म्हणाले, "आज तिलाही सुट्टी. रोज राबते बिचारी." मला ते इतकं आवडलं की मी त्यांच्या कपाळालाही कुंकू लावलं. संध्याकाळी सोनं वाटून आल्यावर हे खाली जाऊन वायरी परत जोडून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. अंगणात झोपायला, नव्या भाताला, मित्राकडे. दोन वर्षांनी! हे स्टीअरिंगवर बसले तेव्हा मला आमच्या लग्नानंतरचा तो सडपातळ मोटारसायकलवाला डॉक्टर दिसला. निघताना ह्यांनी गोल पडद्याकडे बघितलं. शंभर टक्के. माझ्याकडे बघून म्हणाले, "वा!" मी म्हटलं, "वा!" म्हणजे ह्यांना वाटलं की चार्जर मी लावला होता. आणि मला वाटलं की ह्यांनी. विचारलं कुणीच नाही. इतक्या वर्षांच्या संसारात कुठे विचारत बसतो आपण प्रत्येक गोष्ट!

दिंडोरी गेली, वणी आली. देवीच्या गडाच्या दिशेने दोघांनी हात जोडले. बोरगावकडे वळल्यावर ढग उतरले. जाता जाता परतीच्या पावसाचे चार थेंबही पडले. टपावरच्या सोलरला ऊन काही दिसलं नाही. पण आम्हाला काय, शंभर टक्के होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची खाचरं पिवळी पडलेली, कुठे कापणी चाललेली. हे गाडी थांबवून थांबवून मला सांगत होते, "इथे एक म्हैस विहिरीत पडली होती. ह्या घरात मी तीन दिवस तापाने पडून होतो." मी हे सगळं आधी शंभरदा ऐकलंय. त्या दिवशी मी पुन्हा ऐकलं, अगदी मन लावून.

मित्र अंगणात वाटच बघत उभे होते. वय झालंय त्यांचं, कमरेत वाकलेत. ह्यांना बघून पुढे आले, दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "डॉक्टर, लय वाट बघायला लावली." बस, एवढंच.  मग दोघं जाऊन गोठ्यात बैल बघत उभे राहिले, आणि मित्राच्या बायकोने मला चुलीपुढे पाट दिला. नागलीची, म्हणजे आपल्या नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, आणि नव्या भाताचा तो वास, काय सांगू! परवाच्या वादळात पाड्याचे खांब पडले होते, त्यामुळे लाईट नव्हती. ती म्हणाली, "नसली तर नसली. आमाला सवय हाय." मी म्हटलं, "आम्ही आमची बरोबर आणलीय." फार ऐटीत म्हटलं.

उजेड असतानाच अंथरूण घालावं म्हणून मी गाडीत गेले. उशा लावल्या, मशीन जागेवर ठेवलं आणि सवयीने माझ्या मीटरचं बटण दाबलं.

तेरा.

मी पुन्हा दाबलं. तेरा. दाराजवळ जाऊन ह्यांचा गोल पडदा बघितला. ब्याण्णव टक्के. ब्याण्णवला तेरा? छे! ब्याण्णवला तेरा तीन दिसायला हवं.  वॉर्डात असं व्हायचं, तक्ता म्हणतोय छान, आणि हाताखाली नाडी लागत नाहीये.

मी ह्यांना हाक मारली. आले ते हसतच. मी म्हटलं, "तुमचा मीटर खोटं बोलतोय."

"झालं तुझं सुरू! तुझ्या त्या काडेपेटीला काय कळतंय? मी सांगितलं नव्हतं का, लिथियमचे व्होल्ट..."

"तुम्ही सांगितलं होतं फरक जरासा असतो. जरासा आहेच की! तोच मी सांगतेय. चार्जर कधी काढलात?"

"मी? तू लावला होतास ना?"

"मी कशाला लावू? मी श्रीखंड करत होते!"

 मग ह्यांचं लक्ष पलंगाखालच्या फळीकडे गेलं. मला कळायच्या आधी ह्यांना कळलं. दसऱ्याला वायरी सोडवल्या तेव्हा तो गोल मीटरही बंद पडला. बंद पडला तसा आधीचा सगळा हिशेब विसरला. परत जोडल्यावर त्याने आपलं नव्याने सुरू केलं, शंभरपासून. बॅटरी मात्र तालमीत निम्म्याखाली आलेली, तशीच. आम्ही तिला सुट्टी दिली, पूजा केली, आणि उपाशीच प्रवासाला काढली.

हे पलंगावर बसले. चेहरा उतरला, एकदम म्हातारा झाला. "चल," म्हणाले. "आवर. अंधार पडायच्या आत घाट ओलांडू. माझंच चुकलं. असलं काही करायला नको होतं ह्या वयात. घरी जाऊ आणि ही गाडी विकून टाकू."

बाहेर मित्र अंगण झाडून घेत होते, आमच्यासाठी. झाडूचा आवाज आत येत होता.

गाडी घेऊ नका म्हणून मी किती भांडले होते! आणि आता मीच म्हटलं, "कुठे जायचं नाहीये. बसा. तेरा म्हणजे संपली असं नाही. तीसेक टक्के आहे, फार तर पस्तीस. मशीनला रात्रभर किती लागतं?"

ह्यांनी मनात हिशेब केला. "वीस टक्के. हवा दमट करायला मशीनमधलं पाणी तापवणारी ती पट्टी बंद ठेवली तर. पण फ्रीज..."

"फ्रीज बंद." मी फ्रीज उघडला, श्रीखंडाचा डबा आणि दूध बाहेर काढलं आणि मित्राच्या बायकोला नेऊन दिलं. ती म्हणाली, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "दसऱ्याचं आहे, खा." परत येऊन फ्रीजचा खटका खाली केला. "नाक कोरडं पडेल तुमचं, पडू दे. मशीन चालेल. आणि मी जागी आहेच. तासातासाला बटण दाबून बघेन. तेराच्या खाली फार आलं तर तुम्हाला उठवेन."

आणि हा शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा, एकदम कडाडला. "तेच नको होतं मला!"

माझा हात अजून फ्रीजच्या खटक्यावर होता.

"टक्के बघायला नव्हता घेतला मी तो मीटर," हे म्हणाले. "भोंग्यासाठी घेतला होता. मशीन बंद पडायच्या आधी तो वाजेल, म्हणजे तुला पहारा द्यायला नको. मशीन आल्यावर मी झोपायला लागलो, पण तू नाही झोपलीस. मला कळत नाही असं वाटतं का तुला? रोज हात लावून बघतेस छातीला. दोन वर्षं बघतोय. गाडी मी भटकायला घेतली, मान्य. पण भोंगा तुझ्यासाठी होता."

 दुकानात मी त्याला खेळणं म्हटलं होतं, आणि हा माणूस हातात मीटर घेऊन एक शब्द न बोलता उभा होता. मला रडूच आलं. रडता रडता रागही आला. "मग सांगायला काय झालं होतं? तोंड नाही का तुम्हाला?"

"तू बोलू देतेस का?"

ह्यावर दोघंही हसलो. डोळे पुसून मी म्हटलं, "दाखवा तो तुमचा मीटर. भोंगा फक्त टक्क्यांवरच वाजतो का?"

ह्यांनी पडद्याची बटणं दाबत दाबत आतलं सगळं उघडलं. टक्के होते, तारीख होती, आणि खाली एक ओळ व्होल्टचीही होती. अमुक व्होल्टच्या खाली गेलं की वाजव. आम्ही एकमेकांकडे बघितलं. टक्के चुकले होते, व्होल्ट नव्हते चुकले. मी म्हटलं, "लावा बारा पूर्णांक आठ. तेवढ्यावर वाजला तर मशीन बंद पडायच्या आत तुम्हाला उठवायला वेळ मिळेल." ह्यांनी लावलं. मग टक्केही हाताने खाली आणले, तीसवर. वाजतो की नाही ते बघायला भोंगा क्षणभर चौदावर नेऊन बघितला, तर असा काही किंचाळला की गोठ्यातले बैल उभे राहिले आणि मित्र झाडू टाकून धावत आले. "काय झालं डॉक्टर?" हे म्हणाले, "काही नाही. बायकोला झोप लागावी म्हणून आणलंय." मित्र त्या गाडीकडे आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

मग अंगणात पंगत बसली. भात, आमटी, आमचंच श्रीखंड. हे दोन वेळा भात मागून जेवले. मित्र जुन्या जुन्या गाईंची नावं घेत होते आणि हे प्रत्येकीचा आजार सांगत होते. अंगणात झोपणं काही जमलं नाही, मशीनची वायर तेवढी लांब नव्हती. पण गाडीचं मागचं दार सताड उघडं ठेवलं, आणि मित्राने आपली खाट अगदी दाराशी आणून टाकली. मी ह्यांना मास्क लावून दिला, पट्टा सैल केला. मशीनचा तो हलका सुस्कारा सुरू झाला. म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकते, मग उठून बघते.

त्या रात्रीचं पुढचं मला काही सांगता येत नाही, कारण मी झोपले.

जाग आली ती पाखरांच्या आवाजाने. डोळ्यांवर ऊन होतं. शेजारी ह्यांची जागा रिकामी, पांघरुणाची घडी घातलेली, मास्क खुंटीला नीट टांगलेला. मशीन बंद होतं, पण ह्यांनी हाताने बंद केलेलं. क्षणभर मी कुठे आहे तेच कळेना. अंग इतकं हलकं झालं होतं की हात उचलायचा कंटाळा आला. बाहेर चुलीचा धूर होता आणि बांगड्या वाजत होत्या. मित्राची बायको चहा घेऊन गाडीपाशी आली होती.

"बाई उठल्या का?" तिने विचारलं.

"श्श!" हे म्हणाले. माझ्या नवऱ्याचा आवाज, दारापलीकडून, अगदी हळू. "उठवू नका तिला. लय दिवसांची झोप राहिलीय."

मी जागी होते. कूस बदलली, डोळे मिटले, आणि उठले नाही.